शिल्लक साठवू नका, नोंद साठवा: द्विनोंदी हिशोबाची टेबलं मांडताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो. मामांच्या सिमेंट, रंग आणि हार्डवेअरच्या घाऊक दुकानासाठी तुम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसवर स्वतः प्रोग्रॅम लिहिलात. 'खाती' टेबलात प्रत्येक खात्यापुढे त्याची चालू शिल्लक आहे. 'व्यवहार' टेबलाच्या एका ओळीत नावे (डेबिट) खातं, जमा (क्रेडिट) खातं आणि रक्कम. वर्षभर ठीक चाललं. दुसरा काउंटर सुरू झाल्यापासून मात्र एखाद्या गिऱ्हाइकाची शिल्लक मध्येच चुकते, जीएसटीच्या एका बिलाच्या तीन सुट्या ओळी होतात, आणि सीएंनी 31 मार्चची तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी) मागितली तर दोन बाजूंत 11,800 रुपयांचा फरक निघाला. तुम्ही विचारलंय: नावे आणि जमा असे दोन स्तंभ ठेवावेत की अधिक-उण्याचा एकच? शिल्लक कुठे ठेवावी? आणि दोन वर्षांच्या जुन्या माहितीचं काय करावं?

मी 22 वर्षं दुकानं, अडती आणि पतसंस्था यांच्या हिशोबाचे प्रोग्रॅम लिहितोय. तुमच्या फरकाचा आकडा वाचूनच काय झालं असेल याचा अंदाज आला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एका गिऱ्हाइकाची शिल्लक 48,200 होती असं धरा. पहिल्या काउंटरने ती वाचली, 11,800चं बिल केलं आणि 60,000 लिहिलं. त्याच वेळी दुसऱ्या काउंटरनेही जुनीच 48,200 वाचलेली होती. त्याने गिऱ्हाइकाकडून आलेले 5,000 वजा केले आणि 43,200 लिहिलं. दुसऱ्याने पहिल्याचं पुसलं. खरी शिल्लक 55,000 हवी होती. विक्रीच्या आणि कराच्या खात्यांत बिल पोहोचलं, गिऱ्हाइकाच्या खात्यातून ते नाहीसं झालं. फरक बरोबर एका बिलाएवढा.

आता कोणी सांगेल की शिल्लक वाचून मग लिहिण्याऐवजी एकाच आज्ञेत 'शिल्लक अधिक 11,800' करा, म्हणजे पुसापुशी होणार नाही. ते खरं आहे आणि तरीही ते औषध वरवरचं आहे. शिल्लक एका ठिकाणी लिहिलेली आणि व्यवहार दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे एकाच गोष्टीचे दोन साक्षीदार झाले. ते कधीतरी वेगळं बोलणारच. एका पतसंस्थेचं काम करताना मी हे भोगलंय. मार्चअखेरीला बचत खात्यांवर व्याज टाकायचं काम चालू असताना वीज गेली. काही सभासदांच्या शिलकेत व्याज चढलं होतं, पण त्याची नोंद झाली नव्हती. काहींची नोंद होती, शिल्लक जुनीच होती. सलग तीन रात्री आम्ही पासबुकं घेऊन बसलो, कारण यातला खरा आकडा कोणता हे कॉम्प्युटरला सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही खात्याच्या टेबलात शिल्लक नावाचा स्तंभ नाही. शिल्लक म्हणजे नोंदींची बेरीज. ती मागाल तेव्हा काढायची.

दिवाणजी हेच करत होते. रोजकीर्दीत व्यवहार लिहायचा, तिथून खातेवहीत खतावणी करायची, खात्याची बेरीज मारून शिल्लक काढायची. शिल्लक कोणी आधी लिहून ठेवत नसे.

मग टेबलं किती? हिशोबाचा गाभा तीन टेबलांत बसतो. पहिलं 'खाती': क्रमांक, नाव, प्रकार (मालमत्ता, देणं, भांडवल, उत्पन्न, खर्च) आणि ते कोणत्या गटाखाली येतं तो वरचा क्रमांक. दुसरं 'व्यवहार': एका व्हाउचरची एक ओळ, म्हणजे तारीख, व्हाउचरचा प्रकार, स्पष्टीकरण, कोणी कधी टाकलं. तिसरं 'नोंदी': त्या व्हाउचरमधलं प्रत्येक खातं आणि रक्कम, एका व्यवहाराच्या दोन किंवा कितीही ओळी. तुमची मूळ अडचण इथेच सुटते. बिल हा एक व्यवहार आणि त्याच्या चार नोंदी (सीजीएसटी हा केंद्राचा कर, एसजीएसटी राज्याचा):

गिऱ्हाईक, नावे 11,800
विक्री, जमा 10,000
सीजीएसटी देणे, जमा 900
एसजीएसटी देणे, जमा 900

गिऱ्हाईक बेळगावचं, म्हणजे परराज्यातलं असेल आणि माल तिकडे जाणार असेल तर शेवटच्या दोन ओळींच्या जागी आयजीएसटीची 1,800ची एकच ओळ. मांडणी तीच राहते.

तुमची एका ओळीत नावे-जमेची पद्धत चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. तिचा एक मोठा गुण आहे: प्रत्येक ओळ जन्मतःच जुळलेली असते, ओळींच्या बेरजेत फरक पडूच शकत नाही. टायगरबीटल नावाचा फक्त आर्थिक व्यवहारांसाठी लिहिलेला डेटाबेस मुद्दाम तीच पद्धत वापरतो, आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे हलवायचे असतील तिथे ती शोभते. दुकानाच्या बिलाला मात्र तीन-चार पाय असतात, आणि ते एकत्र ठेवायला वर एक व्हाउचर लागतंच. ग्नूकॅश या हिशोबाच्या प्रोग्रॅमची टेबलं उघडून पाहा, तिथेही खाती, व्यवहार आणि त्याचे तुकडे अशी हीच तिहेरी रचना दिसेल.

आता दोन स्तंभ की एक. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमधल्या खतावणीच्या टेबलात नावे आणि जमा असे दोन स्वतंत्र स्तंभ आहेत, आणि त्यावर मोठमोठे व्यवसाय चालतात. मी स्वतः एकच स्तंभ ठेवतो: नावे असेल तर अधिक, जमा असेल तर उणे. कारण अगदी व्यवहारी आहे. व्यवहार जुळला का? बेरीज शून्य. खात्याची शिल्लक किती? बेरीज. सगळी तेरीज जुळली का? सगळ्याची बेरीज शून्य. दोन स्तंभ ठेवले की दोन्हींत एकदम रक्कम भरलेली ओळ येते, दोन्ही रिकामे असलेली येते, आणि माल परत आला म्हणून कोणीतरी 'नावे उणे 500' लिहून जातं. हे सगळं अडवायला चेक (डेटाबेसने प्रत्येक ओळीवर तपासायच्या अटी) लावावे लागतात. एकाच स्तंभाला 'रक्कम शून्य नको' एवढा एक चेक पुरतो. सीएंना आणि मामांना मात्र हे अधिक-उणे कधी दाखवू नका. त्यांच्यासाठी एक व्ह्यू (टेबलावरून फक्त दाखवण्यासाठी केलेली मांडणी) बनवा, त्यात अधिक रक्कम 'नावे'च्या रकान्यात आणि उणे रक्कम चिन्ह काढून 'जमे'च्या रकान्यात.

जाता जाता एक गोष्ट, कारण नव्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. 'जमा' म्हणजे वाढ आणि 'नावे' म्हणजे घट असं समजू नका. बँकेत पैसे भरले की पासबुकात जमा दिसतात, कारण ते बँकेच्या वहीतलं तुमचं खातं आहे आणि बँक तुमचं देणं लागते. तुमच्या वहीत तोच व्यवहार बँक खात्याला नावे पडतो. आणि स्तंभांना डावा-उजवा असं नाव तर मुळीच देऊ नका. देशी नाम्यात जमेची बाजू डावीकडे असते आणि नावेची उजवीकडे, इंग्रजी पद्धतीच्या उलट. बाजू रिवाजाने ठरते, चिन्ह तुम्ही एकदा ठरवून कागदावर लिहून ठेवा.

रक्कम कशात साठवायची याला पर्याय नाही असं मी मानतो: फ्लोटमध्ये (अपूर्णांक जवळपासच्या किमतीत साठवणाऱ्या प्रकारात) कधीही नाही. फ्लोटमध्ये 0.1 आणि 0.2ची बेरीज 0.30000000000000004 येते, आणि 'बेरीज शून्य' हा सगळ्या रचनेचा कणाच मोडतो. एक तर दोन दशांश स्थळांचा न्यूमेरिक हा अचूक प्रकार घ्या, नाहीतर माझ्यासारखे सगळे आकडे पैशांत, बिगइंटमध्ये म्हणजे मोठ्या पूर्णांकात ठेवा. 11,800 रुपये म्हणजे 11,80,000 पैसे. दर आणि वजनं यांना मात्र जास्त दशांश लागतात. तारेची गुंडाळी 3.375 किलो भरते. ते आकडे बिलाच्या टेबलात राहतात, नोंदींत येत नाहीत.

पैशांचा विषय निघालाच आहे तर पूर्णांकन इथेच पुरं करू, कारण पैशा-दोन पैशांचे फरक बहुतेक इथूनच येतात. 847.50च्या मालावर 18 टक्के कर. बरेच जण आधी 18 टक्क्यांनी 152.55 काढतात आणि मग त्याचे दोन भाग करतात. 152.55 निम्मं होत नाही, एक पैसा उरतो, आणि तो सीजीएसटीत टाकायचा की एसजीएसटीत याला उत्तर नाही. दोन्ही कर सारखेच यायला हवेत. म्हणून 9 टक्के स्वतंत्र काढा: 76.275, पैशापर्यंत पूर्णांकन करून 76.28. दोन्ही मिळून बिल 1,000.06. गिऱ्हाइकाकडून घ्यायचे 1,000. तो सहा पैशांचा फरक कुठेतरी गिळून टाकू नका, त्यालाही खातं आहे:

गिऱ्हाईक, नावे 1,000.00
पूर्णांकन, नावे 0.06
विक्री, जमा 847.50
सीजीएसटी देणे, जमा 76.28
एसजीएसटी देणे, जमा 76.28

दोन्ही बाजू 1,000.06. पूर्णांकन प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये करा. स्क्रीनवर एक, छापील बिलात दुसरं आणि डेटाबेसमध्ये तिसरं असं झालं की पैसा शोधण्यात रविवार जातो.

आता मी ज्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो ते. न जुळणारा व्यवहार डेटाबेसनेच नाकारला पाहिजे. 'प्रोग्रॅममध्ये तपासतो' हे पुरेसं नाही. आज तुमचा एक प्रोग्रॅम आहे. उद्या मोबाइलवरून वसुली टाकणारं ॲप येईल, कोणीतरी एक्सेलमधून माहिती चढवेल, एखाद्या रात्री तुम्ही स्वतः हाताने एक ओळ दुरुस्त कराल. सगळ्यांच्या वाटेवर असलेला एकच दरवाजा म्हणजे डेटाबेस.

साधा चेक कन्स्ट्रेंट इथे चालत नाही. त्याला फक्त स्वतःची ओळ दिसते, शेजारच्या ओळी दिसत नाहीत. आणि पहिली ओळ घातल्या घातल्या तपासणी केली तर व्यवहार त्या क्षणी अर्धाच असतो, तो जुळणार कसा? पोस्टग्रेसमध्ये यासाठी कन्स्ट्रेंट ट्रिगर आहे, म्हणजे ओळ आली की आपोआप चालणारी तपासणी. तो 'डिफरेबल इनिशियली डिफर्ड' असा लिहिला की तपासणी कमिटच्या वेळी, म्हणजे सगळं कायम होण्याच्या क्षणी होते. तोवर चारही ओळी आत आलेल्या असतात. ट्रिगर त्या व्यवहाराची बेरीज घेतो, शून्य नसेल तर सगळा व्यवहारच परत फिरवतो. असाच एक ट्रिगर 'व्यवहार' टेबलावरही लावा, किमान दोन नोंदी आहेत का हे पाहणारा, नाहीतर एकही ओळ नसलेली रिकामी व्हाउचरं साचतात. पुढे कधी मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर जाल तर तिथे अशी कमिटपर्यंत थांबणारी तपासणी मिळत नाही, आणि साधा चेकसुद्धा 8.0.16 आवृत्तीपासूनच खरोखर पाळला जातो. तिथे व्यवहार आधी 'कच्चा' म्हणून लिहायचा, 'पक्का' करताना बेरीज तपासायची आणि अहवालांत फक्त पक्के धरायचे, असा मार्ग काढावा लागतो.

जुने कारकून तेरीज जुळली नाही की फरकाला 9ने भाग देऊन पाहत. भाग गेला तर कुठेतरी 54चे 45 झाले असण्याचा संभव. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या व्हाउचरवर सापडली तर ती उलट्या बाजूला गेलेली असे. कमिटच्या दारावरची ही तपासणी एकदा बसली की तशी शोधाशोध संपते, कारण फरक आत येतच नाही. पण जुळलेली तेरीज म्हणजे बरोबर हिशोब असं मात्र नाही. रंगाची खरेदी दुकान-दुरुस्तीच्या खात्याला टाकली तरी बेरीज शून्यच येते. ती चूक माणसालाच दिसते, आणि म्हणून प्रत्येक आकड्यावरून मूळ व्हाउचरपर्यंत जाता आलं पाहिजे.

खाडाखोडीचं बोलू. नोंद एकदा पक्की झाली की ती बदलायची नाही आणि काढायची नाही. चुकली तर तीच खाती उलट्या चिन्हांनी घालून नवा व्यवहार करायचा, त्यात 'कोणत्या व्यवहाराची उलट नोंद' हा क्रमांक ठेवायचा, आणि मग बरोबर नोंद वेगळी टाकायची. वहीत शाईने लिहिलेलं खरवडत नसत, तसंच. हे शिस्तीवर सोडू नका. तुमचा प्रोग्रॅम ज्या डेटाबेस-वापरकर्त्याच्या नावाने जोडला जातो त्याच्याकडून 'व्यवहार' आणि 'नोंदी' या टेबलांवरचे अपडेट (बदलणं), डिलीट (काढणं) आणि ट्रंकेट (टेबल रिकामं करणं) हे तिन्ही हक्क काढून घ्या. आणि तो वापरकर्ता त्या टेबलांचा मालक असता कामा नये, कारण मालक काढलेला हक्क स्वतःला परत देऊ शकतो. मला सापडलेल्या निम्म्या 'सुरक्षित' रचना याच एका मुद्द्यावर उघड्या पडल्या.

मामा एक दिवस म्हणतील, 'ती एंट्री काढून टाक, कोण बघतंय.' त्यांच्यासाठी स्क्रीनवर 'दुरुस्त करा' हे बटण ठेवा, आत मात्र उलट नोंद आणि नवी नोंद होऊ द्या. त्यांना एका क्लिकचं सुख मिळेल आणि वही शाबूत राहील. कंपन्यांना तर हा कायदाच आहे. कंपनी (लेखा) नियम 2014 मधल्या दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 2023 पासून कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. मामांचं दुकान एकमालकी असल्याने त्यांना हा नियम लागू नाही, पण उद्या प्रायव्हेट लिमिटेड केलं तर टेबलं पुन्हा मांडायला लागू नयेत.

गिऱ्हाइकांची खाती कुठे ठेवायची हा तुम्ही न विचारलेला प्रश्न, पण तो येणारच. छोट्या दुकानात प्रत्येक पार्टीचं (गिऱ्हाईक किंवा पुरवठादार) 'खाती' टेबलात एक खातं उघडलं तरी चालतं, सीएंनाही ते ओळखीचं वाटतं. मी पार्ट्यांचं वेगळं टेबल करतो. खाती दोनच, 'ऋणको' (ज्यांच्याकडून येणं) आणि 'धनको' (ज्यांना देणं), आणि नोंदीच्या ओळीवर पार्टीचा क्रमांक. तुमच्या धंद्यात तर हे हवंच, कारण एकच पार्टी तुमच्याकडून सिमेंट नेते आणि तुम्हाला जाळी विकते. दोन्ही बाजूंचं येणं-देणं एका पानावर दिसतं. धोका एवढाच की ऋणकोची ओळ पार्टीशिवाय पडली तर ते पैसे बेवारशी होतात. त्यासाठी 'खाती' टेबलात 'पार्टी लागते' असा हो-नाही स्तंभ ठेवा. तो स्तंभ नोंदीतही घ्या, खात्याचा क्रमांक आणि हा स्तंभ मिळून जोड फॉरेन की करा (म्हणजे ही जोडी 'खाती' टेबलात असायलाच हवी), आणि नोंदीवर चेक लावा: 'पार्टी लागते' असेल तर पार्टी भरलेली, नसेल तर रिकामी. एक जादा स्तंभ जातो, पण चूक आत येण्याची वाटच राहत नाही.

मालाचा तपशील नोंदींत कोंबू नका. बिलाचं स्वतंत्र टेबल, त्याच्या ओळींचं वेगळं टेबल: वस्तू, एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड), नग, दर, कराचा टक्का, कराची रक्कम. बिल पक्कं झालं की त्यातून व्यवहार तयार होतो आणि दोघं एकमेकांचा क्रमांक धरून राहतात. कराचा टक्का बिलाच्या ओळीवरच लिहून ठेवा, वस्तूच्या टेबलातून दर वेळी वाचू नका. तुम्ही सिमेंट विकता, म्हणून कारण तुमच्यासमोरच आहे. 21 सप्टेंबर 2025 पर्यंत सिमेंटवर 28 टक्के होते, 22 तारखेपासून 18. ज्यांनी वस्तूच्या टेबलातला टक्का सरळ बदलला त्यांची जुनी बिलं पुन्हा छापली तर नव्या दराने निघाली. आणि 28 टक्क्यांनी विकलेली पोती ऑक्टोबरात परत आली तर क्रेडिट नोट 28 टक्क्यांनीच निघायला हवी, म्हणजे मूळ बिलाच्या ओळीवरूनच टक्का उचलायचा. वस्तूंच्या बाजूला 'वस्तू, टक्का, कधीपासून' असं छोटं टेबल ठेवलं की पुढचा बदल सरकारने कधीही केला तरी आदल्या रात्री जागायला नको. दरागणिक मात्र वेगळी कर-खाती उघडू नका. देणं आणि खरेदीवरच्या कराचा परतावा यांची सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी अशी सहा खाती पुरतात.

बिलाचा क्रमांक हा दुसरा खड्डा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे तो ओळीने चालणारा, आर्थिक वर्षात एकमेव आणि 16 अक्षरांच्या आत असावा लागतो. पोस्टग्रेसची सिक्वेन्स (आपोआप वाढणारा क्रमांक) वापरली तर व्यवहार परत फिरला की तो क्रमांक वाया जातो आणि मालिकेत भोक पडतं. 'सर्वांत मोठा अधिक एक' केलं तर दोन काउंटरना एकच क्रमांक मिळतो. म्हणून वर्ष आणि मालिका यांसाठी एका ओळीचा मोजणी-तक्ता ठेवा, बिल पक्कं करतानाच ती ओळ लॉक करून क्रमांक घ्या, आणि वर्ष-मालिका-क्रमांक यांवर युनिक (दुसऱ्यांदा येऊ न देण्याची अट) लावा. टेबलाची प्रायमरी की (ओळीचा आतला ओळख-क्रमांक) वेगळीच असू द्या, तिथे भोकं पडली तरी कोणी विचारत नाही. प्रत्येक काउंटरला स्वतःची मालिका दिलीत तर लॉकसाठी थांबणंही वाचेल. आणि बटण दोनदा दाबलं म्हणून दोन बिलं होऊ नयेत यासाठी स्क्रीन उघडतानाच एक न बदलणारी खूण तयार करून ती व्यवहारावर युनिक ठेवा.

तारखा दोन हव्यात: व्यवहाराची तारीख आणि नोंद टाकल्याची वेळ. पहिली साधी डेट, दुसरी टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ एकत्र). व्यवहाराची तारीख टाइमस्टॅम्पवरून काढू नका. भाजीपाल्याच्या अडतीवर पहाटे चारला पट्ट्या लिहिल्या जातात. आपली घड्याळं यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, त्यामुळे यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरला त्या आदल्या दिवशीच्या वाटतात. 1 एप्रिलच्या पहाटेची पट्टी 31 मार्चमध्ये, म्हणजे गेल्या वर्षात जाऊन बसते. तुमचं दुकान नऊला उघडतं म्हणून तुम्हाला हे दिसलं नाही, एवढंच.

महिन्यांचं एक टेबल ठेवा आणि त्यात महिना 'बंद' करण्याची सोय द्या. दरमहा विवरण भरणाऱ्यांचं जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरण) पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि 3बी (कर भरण्याचं विवरण) 20पर्यंत जातं. ते भरल्यावर कोणी जुन्या तारखेचं बिल घुसवलं तर पोर्टलवरचे आकडे आणि वहीतले आकडे वेगळे होतात. बंद महिन्याची तारीख असलेला व्यवहार ट्रिगरनेच नाकारायचा. दुरुस्ती चालू महिन्याच्या तारखेने.

दोन गोष्टी अशा आहेत ज्या नोंदीनंतर घडतात: पैसे कोणत्या बिलापोटी आले आणि चेक बँकेत कधी वटला. त्यांचे स्तंभ नोंदींवर ठेवलेत तर न बदलण्याचा नियम मोडावा लागेल, म्हणून त्यांची टेबलं वेगळी. बिलवार वसुलीसाठी 'जोडणी' टेबल: वसुलीची नोंद, बिलाची नोंद, किती रक्कम. 11,800च्या बिलापोटी 10,000 आले तर जोडणी 10,000ची, बाकी 1,800 त्याच बिलावर दिसत राहते. धनकोंच्या बाजूलाही हेच टेबल उपयोगी पडतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत दिले नाहीत आणि त्या वर्षअखेर ते थकीत राहिले, तर आयकराच्या नियमामुळे (1961च्या कायद्यात कलम 43बी(एच)) तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. सीए मार्चमध्ये ती यादी मागतातच. बँक जुळवणीसाठीही तसंच दुसरं टेबल, नोंदीचा क्रमांक आणि वटल्याची तारीख.

आता वेगाची शंका, जी शिल्लक-स्तंभ काढा म्हटलं की पहिली येते. हिशोब करून पाहा. दिवसाला 150 बिलं, प्रत्येकी पाच नोंदी, वर्षाचे 300 दिवस: 2,25,000 ओळी. दहा वर्षांत साडेबावीस लाख. खातं, पार्टी आणि तारीख यांवर इंडेक्स असेल तर एका पार्टीची शिल्लक काढायला पोस्टग्रेसला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाही वेळ लागत नाही. पतसंस्थेसारख्या मोठ्या कामात मी महिनाअखेरच्या शिलका एका टेबलात काढून ठेवतो, पण त्या कधीही फेकून नोंदींवरून पुन्हा बनवता येतात आणि दररोज रात्री नोंदींशी ताडून पाहिल्या जातात. फरक आला तर नोंदी खऱ्या. तुमच्या दुकानाला याची गरज नाही.

राहिली जुनी माहिती. दोन वर्षांच्या ओळी नव्या टेबलांत ओतण्याच्या फंदात पडू नका. तीन सुट्या ओळींचं एक बिल कोणतं हे तुम्हाला तारखेवरून अंदाजाने जुळवावं लागेल, आणि अंदाजावर उभी राहिलेली वही सही करण्याजोगी नसते. आधी 31 मार्चच्या शिलका सीएंबरोबर बसून ठरवा. तो 11,800चा फरक जुन्या 'व्यवहार' टेबलातल्या ओळींची खातेवार बेरीज मारून शोधा, 'खाती' टेबलातल्या शिलकांवर विसंबू नका. ज्या पार्टीची बेरीज आणि शिल्लक यांत 11,800चं अंतर दिसेल, तिचीच शिल्लक दुसऱ्या काउंटरने पुसलेली आहे. तिला तिचं बिल दाखवून खात्री करून घ्या.

मग नव्या रचनेत 'आरंभी शिल्लक' नावाचा स्तंभ न करता आरंभी शिलकांचं एक व्हाउचर टाका, 1 एप्रिलच्या तारखेचं. रोख, बँक, मालाचा साठा, कर-खाती, भांडवल, आणि ऋणको-धनकोंची प्रत्येक थकीत बिलागणिक एक ओळ, म्हणजे पुढची वसुली त्या त्या बिलाला जोडता येईल. यादी मोठी असेल तर तिचे भाग करा आणि प्रत्येक भाग जुळवायला 'आरंभी शिल्लक' असं एक तात्पुरतं खातं वापरा. जुना प्रोग्रॅम फक्त वाचण्यापुरता चालू ठेवा. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरायच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावी लागतात, तेवढा काळ तरी तो हाताशी हवा. सगळे भाग चढवून झाले की त्या तात्पुरत्या खात्याची बेरीज मागा. शून्य आली की दोन्ही काउंटर नव्या वहीवर घ्या. शून्य आली नाही, तर कोणत्या भागात किती कमी पडलं ते मला कळवा, यादी लावून बघू.